अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्यापूर्वी

घरात कोणाला कर्करोगाचे निदान झाले, की नातेवाईक मंडळी रिपोर्टची फाईल घेऊन दवाखान्यात येतात. शस्त्रक्रिया कुठे करावी, खर्च किती येईल, मुंबईला जावे की बार्शीला, हे प्रश्न विचारून झाले की कोणीतरी खुर्ची थोडी पुढे सरकवून हलक्या आवाजात विचारतो, "डॉक्टर, हळदीने कॅन्सर बरा होतो म्हणतात. खरं आहे का?" मी काही बोलण्याआधीच दुसरा सांगतो, "अमेरिकेतल्या मोठ्या शास्त्रज्ञाने शोधून काढलंय. आपलाच भारतीय माणूस आहे. शेकड्याने पेपर लिहिलेत त्याने."

पूर्वी अशी माहिती एखाद्या मासिकातून किंवा एस. टी. स्टँडवर मिळणाऱ्या पुस्तिकेतून यायची. आता ती व्हॉट्सअॅपवरून येते. साधन बदलले, प्रश्न तोच आहे. तो विचारणाऱ्याला हसण्यावारी नेणे मला कधीच योग्य वाटलेले नाही. घरातले माणूस संकटात असताना जी काडी दिसेल तिचा आधार घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय ही माहिती संपूर्ण खोटीही नाही. असा शास्त्रज्ञ खरोखर आहे आणि त्याने शेकडो शोधनिबंध लिहिले आहेत हेही खरे आहे. म्हणूनच आजच्या लेखात या शास्त्रज्ञाची, त्याच्या शोधनिबंधांची आणि त्या निबंधांचे पुढे काय झाले याची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे मी ठरवले आहे.

बटाल्याचा मुलगा, ह्यूस्टनचा प्राध्यापक

या शास्त्रज्ञाचे नाव डॉ. भरत अगरवाल. जन्म पंजाबातील बटाल्याचा. पुढे ते अमेरिकेत गेले आणि कॅलिफोर्नियातील बर्कली येथील विद्यापीठातून त्यांनी पीएच. डी. मिळवली. १९८०च्या दशकात ते जेनेन्टेक या कंपनीत होते. त्या काळात 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' या शरीरातील प्रथिनाची शास्त्रजगतात मोठी चर्चा होती. आपल्याच पेशी तयार करीत असलेले हे प्रथिन गाठीच्या पेशी मारू शकते असे न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांना १९७५ साली आढळले होते. हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याचे गुणधर्म तपासण्याचे काम ज्यांनी केले त्यांत डॉ. अगरवाल यांचा गट अग्रभागी होता. हे काम महत्त्वाचेच होते. पुढे याच प्रथिनाला अडवणारी औषधे निघाली आणि आज संधिवाताच्या अनेक रुग्णांना ती दिली जातात.

१९८९ साली डॉ. अगरवाल टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये दाखल झाले. जगातील अग्रगण्य कर्करोग रुग्णालयांत या संस्थेची गणना होते. तेथे त्यांचे लक्ष आपल्या स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्याकडे वळले. शरीरात दाह सुरू झाला की पेशीच्या आत 'एनएफ-कप्पा-बी' नावाचा एक खटका दाबला जातो. हा खटका सतत दाबलेला राहिला तर पेशींची वाढ बेसुमार होण्यास मदत होते. हळदीला पिवळा रंग देणारे 'कुरकुमिन' हे द्रव्य हा खटका बंद करते, असे त्यांनी सहकाऱ्याबरोबर १९९५ साली प्रसिद्ध केले आणि तेथून कुरकुमिनवरील निबंधांची रांगच लागली. स्तनाचा कर्करोग, स्वादुपिंडाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग, कोणताही घ्या, त्यावर कुरकुमिनचा प्रयोग झालेलाच असे. नंतर आले, लवंग, काळी मिरी यांचीही पाळी आली. २०११ साली मसाल्यांच्या औषधी गुणांवर त्यांचे सामान्य वाचकांसाठीचे पुस्तकही निघाले.

त्यांच्या नावावर सहाशेहून अधिक शोधनिबंध आहेत. ज्यांच्या निबंधांचा इतर शास्त्रज्ञ सर्वाधिक संदर्भ देतात अशांच्या जागतिक यादीत त्यांचे नाव झळकत होते. हळदीच्या देशातून गेलेला माणूस हळदीचे गुण अमेरिकेला पटवून देतो आहे, याचा आपल्याला अभिमान वाटला तर त्यात नवल नाही.

या अभिमानाला आणखी एक पार्श्वभूमी होती. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देण्यात आले होते. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. तेव्हापासून 'आपली हळद' हा आपल्या अस्मितेचा विषय झाला. पण येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. तो दावा आपण जिंकला तो 'ही विद्या आम्हाला आधीपासून माहीत होती' या मुद्द्यावर. हळदीने कर्करोग बरा होतो असे त्या प्रकरणात कोणी म्हटले नव्हते. बोट कापले की आजी हळद दाबून धरत असे, तेवढीच ती गोष्ट.

निबंध मोजायचे कसे?

एखादा शास्त्रज्ञ किती मोठा हे ठरवण्यासाठी आज सर्वसाधारणपणे दोन मापे वापरली जातात. पहिले म्हणजे त्याने किती निबंध प्रसिद्ध केले. दुसरे म्हणजे त्या निबंधांचा उल्लेख इतरांनी आपल्या निबंधांत किती वेळा केला. अमेरिकेतील यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली अशा उल्लेखांची सूची छापायला सुरुवात केली. त्यांचा मूळ हेतू चांगला होता. एखाद्या विषयावर कोणी काय काम केले आहे ते ग्रंथालयात बसून चटकन सापडावे, म्हणून ही सूची होती. हळूहळू ती माणसे तोलण्याचा काटा बनली. पुढे २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच-निर्देशांक' काढला. एखाद्याचा निर्देशांक शंभर असेल तर त्याचे किमान शंभर निबंध असे आहेत की ज्यांचा प्रत्येकी शंभर किंवा अधिक वेळा उल्लेख झाला आहे. डॉ. अगरवाल यांचा निर्देशांक शंभराच्या पुष्कळ वर आहे. आयुष्यभर इमाने काम करून पंचवीस-तीसपर्यंतच पोहोचलेले चांगले शास्त्रज्ञ कितीतरी आहेत.

पण हे माप नेमके काय सांगते? एखाद्या निबंधाचा हजार वेळा उल्लेख झाला म्हणजे हजार जणांनी तो पडताळून पाहिला असे होत नाही. पुष्कळदा प्रस्तावनेत एक वाक्य लिहायचे असते, 'हळदीतील कुरकुमिन गुणकारी असल्याचे दिसून आले आहे', आणि त्यापुढे आधार म्हणून कोणता तरी प्रसिद्ध निबंध जोडायचा असतो. मूळ निबंध न वाचताही हे करता येते. एकाने दिला म्हणून दुसरा देतो, दुसऱ्याने दिला म्हणून तिसरा. शिवाय जे लेख स्वतः नवा प्रयोग करीत नाहीत, इतरांच्या कामाचा आढावा घेतात, त्यांचे उल्लेख सर्वांत जास्त होतात. डॉ. अगरवाल यांच्या लिखाणात असे आढावा-लेख पुष्कळ आहेत. एखाद्याचे म्हणणे खोडून काढणारा निबंधही त्याचा उल्लेख करतोच आणि तो उल्लेखही बेरजेत धरला जातो.

आपल्याकडे गावात एखाद्याचे नाव किती जणांच्या तोंडी आहे यावरून तो प्रसिद्ध आहे एवढे कळते, तो खरे बोलतो की नाही हे कळत नाही. शास्त्रातही तसेच आहे. उल्लेखांची संख्या प्रभाव सांगते, सत्य सांगत नाही. हा फरक आपण विसरलो आणि शास्त्रज्ञांच्या संस्थाही बऱ्याच प्रमाणात विसरल्या.

पुढे काय झाले

जीवशास्त्राच्या निबंधांत प्रथिनांच्या चाचण्यांची चित्रे छापलेली असतात. करड्या पार्श्वभूमीवर काळे आडवे पट्टे, असे त्यांचे स्वरूप असते. कोणत्या पेशीत कोणते प्रथिन किती प्रमाणात आहे हे त्यांवरून समजते. प्रत्येक प्रयोगाचे पट्टे वेगळे यायला हवेत. डॉ. अगरवाल यांच्या काही निबंधांत एकच चित्र वेगवेगळ्या प्रयोगांसाठी वापरले गेल्याचा संशय काही चिकित्सक वाचकांना आला आणि त्यांनी तो उघडपणे मांडला. २०१२ साली एम. डी. अँडरसन संस्था त्यांच्या कामाची चौकशी करीत असल्याचे जाहीर झाले. २०१५च्या अखेरीस ते तेथून निवृत्त झाले. २०१६च्या सुरुवातीला एका नियतकालिकाने त्यांचे सात निबंध एकदम मागे घेतले. नंतरच्या वर्षांत इतर नियतकालिकांनीही तसेच केले. आजवर मागे घेतलेल्या निबंधांची संख्या तीसच्या घरात गेली आहे.

निबंध मागे घेणे म्हणजे काय हे थोडे समजावून सांगतो. एकदा छापलेला निबंध जगातून नाहीसा करता येत नाही. नियतकालिक जाहीर करते की या निबंधातील माहितीवर आता भरवसा ठेवू नये. निबंधावर तसा शिक्का मारला जातो. वर्तमानपत्रातल्या चूकभूल दुरुस्तीपेक्षा ही गोष्ट कितीतरी गंभीर आहे. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने एखादा निबंध मागे घ्यावा लागणे हीसुद्धा नामुष्कीची बाब मानली जाते.

येथे मला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायचे नाही. मोठ्या प्रयोगशाळेत अनेक विद्यार्थी व सहायक काम करतात. कोणी काय केले, जाणूनबुजून केले की निष्काळजीपणाने झाले, हे इतक्या दुरून सांगता येणार नाही. सहाशेतून तीस वजा केले तरी पावणेसहाशेच्या आसपास निबंध उरतात, हेही खरे आहे. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरवरचे त्यांचे जुने काम यामुळे खोटे ठरत नाही. पण ज्या माणसाचे नाव सांगून आज गावोगाव कॅप्सूलच्या डब्या विकल्या जातात, त्याच्या कामाची ही दुसरी बाजू डबीवर कोणी छापत नाही. अर्धी गोष्ट सांगणारा माणूस खोटे बोलत नसला तरी ऐकणाऱ्याची फसवणूक होतेच.

त्याहून चिंतेची गोष्ट वेगळी आहे. निबंध मागे घेतला तरी त्याचा प्रभाव मागे घेता येत नाही. मागे घेतलेल्या निबंधांचा आधार पुढेही दिला जातो, हे शास्त्रजगतात वारंवार दिसून आलेले आहे. आधीच्या निबंधावर पुढचा, त्यावर त्याच्या पुढचा, अशी उतरंड रचलेली असते. तळाचे मडके फुटले हे वरच्या मडक्यांना कळवणारा कोणी नसतो. मग आपल्या गावातल्या दुकानदाराला ते कसे कळणार?

बशीतला कर्करोग आणि माणसातला कर्करोग

समजा, एकही निबंध मागे घेतला गेला नसता. तरी हळदीने कर्करोग बरा होतो हे सिद्ध झाले असते का? माझे उत्तर 'नाही' असेच आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी वाढवतात आणि त्यांवर कुरकुमिन टाकतात. पेशी मरतात. पण बशीतल्या पेशी मारणारी द्रव्ये असंख्य आहेत. कपडे धुण्याचा सोडाही त्या मारील. प्रश्न असा, की तोंडाने घेतलेले द्रव्य पोटातून रक्तात आणि रक्तातून गाठीपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचते का? कुरकुमिनच्या बाबतीत येथेच घोडे पेंड खाते. ते पाण्यात नीट विरघळत नाही, आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचे यकृत लगेच रूपांतर करून टाकते.

थोडे गणित करून पाहा. हळदीच्या पुडीत कुरकुमिन साधारण तीन टक्के असते. चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत ते नव्वद मिलिग्रॅमच्या आसपास भरते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर एम. डी. अँडरसनमध्येच एक प्रयोग झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात डॉ. अगरवाल यांचाही सहभाग होता. रुग्णांना रोज आठ ग्रॅम कुरकुमिन देण्यात आले. तेवढे कुरकुमिन हळदीतून घ्यायचे तर रोज पाव किलोहून अधिक हळद खावी लागेल! इतकी मात्रा देऊनही पंचवीस रुग्णांपैकी फक्त दोघांच्या बाबतीत काही परिणाम दिसला आणि त्यांतल्या एकाचा परिणाम अल्पकाळच टिकला. रक्तात कुरकुमिनचे प्रमाण अत्यल्प आढळले.

२०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर अमेरिकी नियतकालिकात कुरकुमिनवरील एकूण संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला. तोपर्यंत माणसांवर एकशेवीसहून अधिक चाचण्या झाल्या होत्या. खरे औषध कोणाला आणि खोटे कोणाला हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही माहीत नाही, अशा पद्धतीने काटेकोरपणे घेतलेली एकही चाचणी कुरकुमिनच्या बाजूने यशस्वी झालेली नाही, असा निष्कर्ष त्या लेखकांनी काढला. त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. कुरकुमिन हे प्रयोग करणाऱ्याला चकवणारे द्रव्य आहे. ते स्वतःच चमकते, लवकर विघटित होते, अनेक प्रथिनांना उगाच चिकटते. त्यामुळे प्रयोगशाळेतील चाचणीत ते काम करते आहे असा भास होतो. थोडक्यात, एका माणसाच्या निबंधांपुरता हा प्रश्न मर्यादित नाही. हजारो निबंधांचा डोंगर उभा राहिला, पण त्या डोंगरातून रुग्णाच्या हाती द्यावे असे औषध अद्याप निघालेले नाही.

वजनदार निबंध बार्शीचा

आता दुसऱ्या प्रकारच्या प्रभावाचे उदाहरण देतो. त्यासाठी ह्यूस्टनला जायला नको. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. कर्करोगाच्या रुग्णांची गावनिहाय नोंद ठेवण्याचे काम तेथे १९८७ साली सुरू झाले. आपल्या देशातील ग्रामीण भागातील ही पहिली नोंदणी. कार्यकर्ते गावोगाव फिरून ही माहिती गोळा करीत. त्या माहितीतून दिसले की आपल्या खेड्यातल्या बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होतो आणि बहुतेक जणी फार उशिरा दवाखान्यात येतात.

मग बार्शीचे डॉक्टर, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन यांनी मिळून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठी पाहणी हाती घेतली. १९९९ साली काम सुरू झाले. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश होता. गावांचे चार गट पाडण्यात आले. एका गटात या रोगास कारणीभूत होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात अॅसेटिक आम्ल लावून साध्या डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्यात त्या काळी उपलब्ध असलेली नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षे या स्त्रियांची माहिती ठेवली गेली. विषाणूच्या चाचणीच्या गटात या कर्करोगाने चौतीस स्त्रिया दगावल्या, चौथ्या गटात चौसष्ट. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

हा निबंध २००९ साली जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकांपैकी एका अमेरिकी नियतकालिकात छापून आला. या कर्करोगाच्या पहिल्या तपासणीसाठी विषाणूची चाचणी वापरावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची आज शिफारस आहे. त्यामागे जो पुरावा आहे त्यात आपल्या मराठवाड्यातल्या बायाबापड्यांचा वाटा मोठा आहे. या पाहणीवर टीकाही झाली. चौथ्या गटातील स्त्रियांची तपासणी का केली नाही, असा प्रश्न विचारला गेला आणि तो रास्त आहे. पण तो प्रश्न विचारता आला, कारण आकडे उघड होते, गट उघड होते, किती दगावल्या हेही उघड होते. लपवालपवी नव्हती.

आता तुम्हीच ठरवा. सहाशे निबंध जास्त वजनदार की हा एक? एका बाजूला बशीतल्या पेशी, दुसऱ्या बाजूला लाखभर जिवंत माणसे आणि आठ वर्षांचा धीर. शास्त्रज्ञाचा खरा प्रभाव कोणाच्या आयुष्यात काय फरक पडला यावर मोजायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. शास्त्रजगतालाही हे उमगू लागले आहे. केवळ आकड्यांवरून शास्त्रज्ञाची योग्यता ठरवू नये, असा जाहीरनामा २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या नावाने निघाला आणि जगभरच्या अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या. आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र बढतीसाठी निबंधांची संख्या पाहिली जाते. मग पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक येते. जो माणूस वॉर्डात रुग्णाजवळ बसायला हवा, तो निबंध जुळवत बसतो. हे बदलायला हवे.

याचे मोल कोण चुकवतो?

कोणी म्हणेल, "अहो, हळदच आहे ना? फायदा झाला नाही तरी तोटा काय?" भाजीत, आमटीत, रात्रीच्या दुधात जी हळद आपण घेतो तिला माझी काहीच हरकत नाही. सांगलीची असो की वसमतची, खुशाल खा. माझी हरकत उपचाराच्या जागी हळद घेण्याला आहे.

छातीत सुपारीएवढी गाठ असलेल्या बाई येतात. या टप्प्यावर शस्त्रक्रिया आणि औषधोपचार केले तर बरे होण्याची शक्यता चांगली असते. पण किमोचे नाव ऐकले की घर धास्तावते. केस जातील, उलट्या होतील, शेत गहाण पडेल. मग कोणीतरी कॅप्सूल आणून देतो. चार महिने जातात, सहा महिने जातात. बाई परत येतात तेव्हा गाठ लिंबाएवढी झालेली असते आणि काखेतही गाठी लागतात. हे चित्र मी एकदा नाही, अनेकदा पाहिले आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, बऱ्या होण्यासारख्या टप्प्यावरील कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तर तो पाच पटींहून अधिक होता.

कॅप्सूलमधला अर्क आणि घरातली हळद यांतही फरक आहे. अर्कात कुरकुमिन फार मोठ्या प्रमाणात असते आणि ते जास्त शोषले जावे म्हणून काही कॅप्सूलमध्ये मिरीचे सत्त्व घातलेले असते. अशा गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. अमेरिकेतील यकृततज्ज्ञांनी अलीकडेच अशा दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एक दगावला. किमोची औषधे चालू असताना किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना असे अर्क डॉक्टरांना न सांगता घेणे धोक्याचे आहे.

वाचकांनी काय करावे?

'संशोधनाने सिद्ध झाले आहे' असे कोणी म्हणाले की आपण दबून जातो. दबून जाऊ नका. पुढील पाच प्रश्न विचारा. त्यासाठी पदवी लागत नाही.

१. प्रयोग कोणावर झाला? बशीतल्या पेशींवर, उंदरांवर, की माणसांवर?

२. माणसांवर झाला असेल तर किती जणांवर? दहा जणांवर की दहा हजारांवर?

३. ज्यांना औषध दिले त्यांची तुलना औषध न दिलेल्यांशी केली होती का?

४. शेवटी काय मोजले? रक्तातला एखादा घटक कमी झाला एवढेच, की माणसे जास्त जगली?

५. हे सांगणाऱ्याला या औषधाच्या विक्रीतून काही मिळते का?

यांपैकी पहिल्याच प्रश्नावर बहुतेक चमत्कार गळून पडतात, असा माझा अनुभव आहे. आणि हे प्रश्न फक्त हळदीच्या कॅप्सूलवाल्याला विचारायचे असे नाही. महागडे इंजेक्शन लिहून देणाऱ्या डॉक्टरलाही विचारा. मलाही विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावणार नाही.

ज्या गोष्टींबद्दल पुरावा भक्कम आहे त्या मात्र साध्या आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. तंबाखू, गुटखा, मिश्री आणि विडी सोडा. तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, स्तनात गाठ हाताला लागली, पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून रक्त गेले, आवाज महिनाभर बसलेलाच राहिला, तर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या डॉक्टरांकडे दाखवा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यावी. मुलींना वेळेवर एचपीव्हीची लस द्यावी. पुण्यात बनलेली लसही आता उपलब्ध आहे. आणि ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी घरी जे काही घेत असाल, काढा, चूर्ण, कॅप्सूल, ते सर्व डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. ते ऐकून डॉक्टर ओरडतील या भीतीने लपवू नये. आणि डॉक्टर मंडळींनीही ओरडू नये.

आपल्या म्हणी फार शहाण्या आहेत. 'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण आपण उतावळ्या माणसाला ऐकवतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणाऱ्यालाही आपण नावे ठेवतो. हळदीचे गुण आणि हळदीची मर्यादा आपल्या पूर्वजांना दोन्ही ठाऊक असाव्यात. म्हणून पुढच्या वेळी 'सहाशे निबंध' असे कोणी सांगितले, तर त्याला एवढेच विचारा, "यातून किती माणसे वाचली?" त्याचे उत्तर मिळेपर्यंत बायोप्सीची आणि शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलू नका.